अंगठा देण्याआधी: जमिनीचे दस्त कसे शोधायचे, नोंद कशी लावायची

गटाच्या बैठकीत आम्ही बचतीचा, कर्जाच्या हप्त्याचा, शेळीच्या विम्याचा हिशेब तोंडपाठ करतो. पण "तुमच्या नावावर जमीन किती?" असं विचारलं की बैठक गप्प होते. एखादी म्हणते, "ते ह्यांना माहीत." दुसरी म्हणते, "भाऊ बघतो ते सगळं." आज आपण त्या "सगळ्या"मध्ये नक्की काय काय असतं ते बघणार आहोत. जमिनीचा दस्त म्हणजे काय, तो कुठे नोंदवतात, झालेली नोंद आपल्याला कशी शोधता येते आणि आपलं नाव कुठे आणि कसं लागायला हवं, हे सगळं सोप्या भाषेत सांगतो. वही-पेन जवळ घ्या. दोन-चार शब्द लिहून ठेवण्यासारखे आहेत.

तीन कार्यालयं, तीन कामं

सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. तालुक्याला गेलं की सगळी सरकारी कार्यालयं सारखीच वाटतात. पण जमिनीची कामं तीन ठिकाणी वाटलेली आहेत.

पहिलं, दुय्यम निबंधक कार्यालय. आपण त्याला रजिस्ट्री ऑफिस म्हणतो. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, गहाणखत, वाटणीपत्र, साठेखत हे दस्त इथे नोंदवतात.

दुसरं, तलाठी कार्यालय. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी असं नाव दिलं आहे, पण गावात अजून तलाठीच म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू. सातबारा, आठ-अ आणि फेरफार हे इथलं काम.

तिसरं, भूमी अभिलेख कार्यालय. मोजणी, नकाशा, गावठाणातल्या घराची मिळकत पत्रिका इथे मिळते.

हे असं लक्षात ठेवा: व्यवहार झाला याचा पुरावा रजिस्ट्रीत, त्या व्यवहारामुळे हक्क कोणाकडे गेला याची नोंद तलाठ्याकडे, आणि बांध कुठून कुठे जातो ते भूमी अभिलेखात. एका ठिकाणी काम झालं म्हणजे तिन्हीकडे झालं असं समजू नका.

ग्रामपंचायतीचा नमुना आठ अनेकींच्या घरी असतो. तो घरपट्टीसाठीचा उतारा आहे. त्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लागलं पाहिजे, ते जरूर लावून घ्या. पण घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा दस्त नव्हे.

दस्त नोंदवायचा कशासाठी?

आपल्याकडे नोंदणीचा कायदा १९०८ सालचा आहे. त्यात म्हटलं आहे की १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेचा हक्क एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा दस्त नोंदवलाच पाहिजे. आज १०० रुपयांत मूठभर जागाही येत नाही, म्हणजे जवळपास प्रत्येक जमिनीचा, प्रत्येक घराचा दस्त नोंदवावाच लागतो. १०० किंवा ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून, नोटरीचा शिक्का मारून आणि गावातल्या चार जणांच्या सह्या घेऊन जमीन विकत घेता येत नाही. असा कागद हातात असलेल्या बाया आम्हाला दर वर्षी भेटतात. पैसे दिलेले असतात, जमीन कसत असतात, पण कायद्याच्या नजरेत ती जमीन अजून जुन्या मालकाचीच असते.

दस्तावर सही झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी हजर करायचा असतो. उशीर झाला तर दंड भरून आणखी ४ महिने मिळू शकतात. त्यापुढे दार बंद.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण यात शिकलेली माणसंही फसतात. दुय्यम निबंधक हे बघतात की दस्त करून देणारा माणूस तोच आहे का, त्याने सही केल्याचं कबूल केलं का, मुद्रांक शुल्क पुरेसं भरलं का. विकणारा खरोखर त्या जमिनीचा मालक आहे का, याचा निवाडा ते करत नाहीत. म्हणून "रजिस्ट्री झाली म्हणजे जमीन पक्की" असं नसतं. जमीन कोणाची, तिच्यावर बोजा आहे का, याआधी ती कोणाला विकली का, हे आपणच आधी शोधायचं असतं. याच शोधाला वकील "सर्च" म्हणतात.

दुसरी बाजूही बघा. एकदा दस्त नोंदवला की तो सगळ्यांना कळला असं कायदा धरतो. "मला माहीतच नव्हतं" हे सांगणं मग अवघड होऊन बसतं. म्हणूनच नोंदणीची वही सगळ्यांसाठी उघडी ठेवलेली आहे. स्थावर मालमत्तेचे दस्त ज्या वहीत असतात, तिला पुस्तक क्रमांक १ म्हणतात. ते पुस्तक आणि त्याची सूची कोणीही फी भरून बघू शकतं आणि नक्कल घेऊ शकतं. आपण मालक असायला हवं, पुरुष असायला हवं, वकील बरोबर आणायला हवा, असली कुठलीही अट नाही. एखाद्याने "तुम्हाला कशाला हवं?" असं विचारलंच, तर शांतपणे म्हणा, "पुस्तक एकची सूची बघायची आहे, फी किती?"

शोध कसा घ्यायचा?

शोधाला निघण्याआधी हातात चार गोष्टी हव्यात: जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर किंवा सर्व्हे नंबर. गट नंबर माहीत नसेल तर आठ-अ काढा. एका खातेदाराच्या नावावर गावात कुठे किती जमीन आहे ते त्यात एकत्र दिसतं. सातबारा आणि आठ-अ मोबाइलवरही बघता येतात. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो आणि तो सरकारी कामाला चालतो.

आता रजिस्ट्रीतला शोध. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग घरबसल्या. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर "ई-सर्च" नावाची सोय आहे. तिच्यात विनामूल्य शोधही घेता येतो. मुंबई सोडून आपल्याला "उर्वरित महाराष्ट्र" निवडायचं. मग वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा नंबर भरायचा. एका वेळी एकच वर्ष तपासता येतं, म्हणून एकेक वर्ष घेत मागे जायचं. गटातल्या कुणाच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला बरोबर बसवा, एका दुपारी काम होतं. सर्व्हर कधी कधी अडतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. एकदा "नोंद सापडली नाही" असं आलं म्हणजे दस्त झालाच नाही असं मानू नका. कुणी "१२५/२अ" असं लिहिलेलं असतं, कुणी "१२५/२/अ", तर कुणी नुसतं "१२५". नंबर तिन्ही प्रकारांनी टाकून बघा.

दुसरा मार्ग प्रत्यक्ष कार्यालयात जाण्याचा. संगणक येण्याआधीच्या नोंदी हाताने लिहिलेल्या सूचीत आहेत. त्यासाठी अर्ज करायचा, किती वर्षांचा शोध हवा ते लिहायचं, फी भरून पावती घ्यायची. जमीन विकत घेताना साधारण ३० वर्षांचा शोध घेण्याची रीत आहे, आणि तो वकिलाकडूनच करून त्याचा लेखी शोध अहवाल घ्यावा. लाखाचा व्यवहार करताना तेवढे पैसे वाचवू नयेत.

जुन्या नोंदी शोधताना आणखी एक अडचण येते. पुष्कळ गावांत एकत्रीकरण योजना झाली तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन नवे गट नंबर आले. आजोबांच्या वेळच्या दस्तात सर्व्हे नंबर असतो आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. नुसत्या गट नंबरावर शोध घेतला तर जुने दस्त सापडणारच नाहीत. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून किंवा तलाठ्याकडून जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालणारा उतारा आधी मिळवा.

आणि रजिस्ट्रीच्या शोधात काय दिसत नाही, तेही माहीत हवं. नोंद न केलेली इसारपावती दिसत नाही. तोंडी वाटणी दिसत नाही. कोर्टात चालू असलेला दावा दिसेलच असं नाही. मृत्युपत्र नोंदवण्याची सक्ती नाही, आणि नोंदवलेलं असलं तरी ते करणारा माणूस हयात असेपर्यंत इतरांना त्याची नक्कल मिळत नाही. वारसाने आलेली जमीनही इथे दिसणार नाही, कारण माणूस गेल्यावर त्याची जमीन वारसांकडे येण्यासाठी दस्त लागतच नाही. ती नोंद फेरफारात सापडते. म्हणून शोध रजिस्ट्रीत आणि तलाठ्याकडे, असा दोन्हीकडे घ्यायचा.

इंडेक्स टू वाचायला शिकू

शोधात जो एक पानी कागद मिळतो त्याला "सूची क्रमांक २" म्हणतात. सगळे त्याला "इंडेक्स टू" म्हणून ओळखतात. अख्खा दस्त वीस पानांचा असला तरी त्याचं सार या एका पानात असतं. ते पान असं वाचायचं.

पहिल्या रकान्यात विलेखाचा प्रकार, म्हणजे हा दस्त कसला आहे ते. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, गहाणखत की मुखत्यारपत्र? सगळ्यात आधी नजर इथे टाका.

मग मोबदला आणि बाजारभाव. किती पैशांना व्यवहार झाला आणि सरकारी दराने त्याची किंमत किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी असतात. मोबदल्याच्या जागी शून्य असेल तर कुणीतरी आपला हक्क फुकट सोडला आहे.

मग मिळकतीचा नंबर आणि क्षेत्रफळ. अख्खा गट की त्यातला हिस्सा, ते तपासा.

त्यानंतर दोन महत्त्वाचे रकाने: "दस्तऐवज करून देणारा" आणि "दस्तऐवज करून घेणारा". देणारा म्हणजे ज्याच्या हातून हक्क जातो तो. घेणारा म्हणजे ज्याच्याकडे हक्क येतो तो. आपलं नाव यातल्या कुठल्या बाजूला आहे, ते बोट ठेवून वाचा.

मग दोन तारखा: दस्त केला ती आणि नोंदवला ती. शेवटी दस्ताचा अनुक्रमांक, भरलेलं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी. कार्यालयाचं नाव, अनुक्रमांक आणि वर्ष एवढं टिपून ठेवलं की पूर्ण दस्ताची प्रमाणित नक्कल कधीही मागता येते.

"वारस लावायचाय, चल तालुक्याला"

आता हे सगळं आपल्याला कशासाठी हवं, ते एका उदाहरणावरून सांगतो. गाव आणि नाव सांगत नाही, कारण अशी ताई प्रत्येक गावात आहे.

वडील वारले. मागे आई, दोन भाऊ, दोन बहिणी. राखी पौर्णिमेला बहिणी माहेरी आल्या. जेवणं झाल्यावर थोरला भाऊ म्हणाला, "उद्या तालुक्याला जाऊन येऊ, वारस लावायचाय, तुमच्या सह्या लागतील." बहिणी गेल्या. एका खोलीत बसवलं, कॅमेऱ्यासमोर फोटो काढला, यंत्रावर अंगठा घेतला, तीन-चार ठिकाणी सह्या झाल्या. संध्याकाळी साडी-चोळी घेऊन त्या सासरी परतल्या. काही वर्षांनी धाकटीच्या नवऱ्याचं काम सुटलं. तिने भावाला विचारलं, माझ्या वाटणीतलं थोडं कसायला देतोस का? भाऊ म्हणाला, "तुझं काय राहिलंय इथे?"

गटातल्या बायांनी मिळून ई-सर्चवर तिच्या वडिलांच्या जमिनीचा गट नंबर टाकला. त्या वर्षीचा इंडेक्स टू निघाला. प्रकार: हक्कसोडपत्र. मोबदला: शून्य. करून देणार: दोन्ही बहिणी. करून घेणार: दोन्ही भाऊ. तो कागद बघून ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मैत्रिणींनो, यातून एकच गोष्ट घरी घेऊन जा, आणि ती लेकीलाही सांगा. वारस लावायला रजिस्ट्री ऑफिसात जावं लागत नाही. वारसाची नोंद तलाठ्याकडे अर्ज देऊन होते. तिथे फोटो आणि अंगठ्याचं यंत्र नसतं. तुम्हाला कॅमेऱ्यासमोर बसवलं, यंत्रावर अंगठा घेतला, म्हणजे तुम्ही दस्त करून देताय, करून घेताय किंवा साक्ष देताय. तिथे थांबा आणि विचारा, "हा कसला दस्त आहे? मी देणार आहे की घेणार?" हे दोन प्रश्न मोठ्याने विचारले तरी पुष्कळ काही टळतं.

हक्कसोडपत्र वाईटच असतं असं आमचं म्हणणं नाही. एखादी बहीण समजून-उमजून, आनंदाने भावाला हक्क सोडते, तो तिचा अधिकार आहे. एखादी मोबदला घेऊन सोडते. पण सोडायला आधी आपल्याकडे काय आहे ते माहीत हवं. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. महाराष्ट्राने १९९४ सालीच तसा कायदा केला होता, पण तो तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरता होता. २००५ नंतर लग्नाची अट राहिली नाही. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदवलेल्या वाटण्या किंवा विक्री यांना त्यामुळे धक्का लागत नाही. मुस्लीम, ख्रिश्चन आणि अनुसूचित जमातीच्या बहिणींना वारशाचे वेगळे नियम लागू होतात, त्यांनी वकिलाला वेगळं विचारावं.

फेरफारावर नजर ठेवा

वारसाचा अर्ज माणूस गेल्यानंतर ३ महिन्यांत तलाठ्याकडे द्यायचा असतो. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, आधार कार्ड आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणा लागते. ई-हक्क प्रणालीवर हा अर्ज ऑनलाइनही देता येतो. इथे खरी गोम अशी की वारसांची यादी अर्ज देणारा माणूस लिहितो. त्याने विधवा भावजयीचं किंवा लग्न झालेल्या बहिणीचं नाव लिहिलंच नाही, तर तलाठ्याला ते कळेलच असं नाही. म्हणून दुःखाचे दिवस असले तरी अर्जाची झेरॉक्स मागा आणि यादी स्वतः वाचा. मयताची आई हयात असेल तर हिंदू कायद्याप्रमाणे तिचंही नाव यादीत येतं. ते तर हमखास विसरलं जातं.

अर्ज आला की तलाठी फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद धरतो. नोटीस चावडीवर लावतात, संबंधितांना पाठवतात, आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. "आपली चावडी" या संकेतस्थळावरही गावाच्या फेरफाराच्या नोटिसा बघता येतात. हरकत असेल तर ती लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेली हरकत वाऱ्यावर जाते. हरकत आली की नोंद विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्या निर्णयावर प्रांत अधिकाऱ्यांकडे अपील करायला ६० दिवस मिळतात.

रजिस्ट्री ऑफिसात दस्त नोंदवला की त्याची माहिती आता संगणकावरून तलाठ्याकडे जाते. तरी ती पोचली का, नोंद प्रमाणित झाली का, सातबाऱ्यावर नाव चढलं का, हे महिन्याभराने स्वतः बघा. सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, म्हणून ती बरोबर असणं गरजेचं.

सातबारा हातात आला की नाव कुठे आहे तेही बघा. पुष्कळदा आईचं आणि बहिणींचं नाव भोगवटादाराच्या रकान्यात न लागता "इतर हक्क" या रकान्यात लागलेलं असतं. भाऊ म्हणतो, "नाव आहे की तुझं!" आहे, पण मालकाच्या ओळीत नाही. कर्ज, पीक विमा, भूसंपादनाचा मोबदला यांची वेळ आली की भोगवटादाराच्या ओळीतली माणसं बोलावली जातात, आणि इतर हक्कातली ताई बाहेर उभी राहते. वारस म्हणून हक्क असेल तर नाव भोगवटादारातच हवं. ते तसं लावण्याचा अर्ज तहसीलदारांकडे करा. "ए. कु. मॅ." अशी अक्षरं एका भावाच्या नावापुढे दिसली तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागला आहे, एकटा मालक म्हणून नव्हे. त्यामागचा जुना फेरफार काढून बाकी वारस कोण ते बघा.

नवरा हयात असतानाही बायकोचं नाव लागू शकतं. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, त्यानंतर १९९२ साली सरकारने तसं परिपत्रक काढलं. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला तर सहहिस्सेदार म्हणून बायकोचं नाव सातबाऱ्यावर येतं. योजना जुनी झाली, पण आजही तिच्या आधारे अर्ज देता येतो. ज्या घरात नवरा तयार आहे तिथे वाट कशाची बघायची?

सही करण्याच्या दिवशी

गटातून जागा घ्यायची असो की स्वतःची शेती, दस्ताच्या दिवशी हे एवढं पाळा.

दस्ताचा मसुदा आदल्या दिवशी घरी आणा. वाचता येत नसेल तर घरच्या नव्हे, बाहेरच्या दोघींकडून वेगवेगळा वाचून घ्या. दोघींनी एकच सांगितलं तर बरं. गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा सातबाऱ्याशी ताडून बघा. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" असेल तर परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तरीही आधी परवानगी लागते. दोन-चार गुंठ्यांचा तुकडा घेत असाल तर तुकडेबंदीचा सध्याचा नियम आधी विचारा.

आपलं नाव आधार कार्डावर जसं आहे तसंच दस्तात लिहायला लावा. माहेरचं एक, सासरचं एक, लाडाचं तिसरं अशी नावं दस्तात आली तर पुढे "ती मीच" हे सिद्ध करण्यात चपला झिजतात. पैसे चेकने किंवा बँकेतून द्या आणि त्याचा तपशील दस्तात येऊ द्या. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पवर सही-अंगठा कोणालाही देऊ नका, नवऱ्यालाही नाही. मुखत्यारपत्र देताना चारदा विचार करा, कारण त्याने आपली सही दुसऱ्याच्या हातात जाते.

घर घेत असाल तर बाईच्या नावाने घेतलेल्या राहत्या घराच्या खरेदीवर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, १ एप्रिल २०२१ पासून. कार्यालयात ती मागून घ्या.

आणि दस्त परत मिळाला की इंडेक्स टूची प्रत घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

फसवणूक सापडली तर?

नोंदवलेला दस्त दुय्यम निबंधक रद्द करू शकत नाहीत, तलाठीही नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लागतो. फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांच्या आत तो दाखल करायचा असतो. म्हणून कागद सापडला तो दिवस लिहून ठेवा, प्रमाणित नक्कल काढा आणि वेळ घालवू नका. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून मागे राहू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज द्यायचा.

वर सांगितलेल्या दोन बहिणींपैकी धाकटीने तसा अर्ज दिला. थोरलीने दिला नाही. ती म्हणाली, "मला माहेर हवंय, जमीन नको." आम्ही तिला काही म्हणालो नाही. माहेरचं दार बंद होईल ही भीती खरी असते, शहाणपण सांगून ती जात नाही. पण आता थोरलीलाही माहीत आहे की तिने काय सोडलं आणि किती सोडलं. आधी हक्क कळावा, मग सोडायचा की धरायचा ते जिचं तिने ठरवावं, एवढंच आमचं म्हणणं.

पुढच्या बैठकीचं काम

ऐकून विसरू नये म्हणून एक काम देतो. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने तीन कागद आणायचे: सासरच्या जमिनीचा आठ-अ, माहेरच्या जमिनीचा सातबारा आणि घराचा नमुना आठ. ज्या गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली असेल तिथल्या बहिणींनी मिळकत पत्रिकाही आणावी. बैठकीत प्रत्येकीने उभं राहून आपलं नाव कोणत्या कागदावर, कोणत्या रकान्यात आहे ते वाचून दाखवायचं. नाव नसेल तर गटाच्या वहीत तसं लिहायचं, आणि पुढे काय करायचं तेही त्याखाली लिहायचं: वारस अर्ज, रकाना बदलायचा अर्ज, ई-सर्च की नवऱ्याशी बोलणं. तालुक्याला जाताना एकटीने जाऊ नका, तिघी-चौघी मिळून जा. खिडकीवर चौघी उभ्या राहिल्या की उत्तर लवकर मिळतं, हा आमचा अनुभव आहे.

आज इतकंच. नमस्कार.